आधी हात, मग अर्थ

कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एका शब्दाचा अर्थ विचारला. शब्द मला येत होता. पण मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, त्यांच्यावर बसलो आणि गप्प राहिलो. प्राध्यापक थांबले, मग पुढच्या मुलाकडे वळले. मी खालच्या आवाजात अर्थ सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "अरे, गाडी आत्ता आली वाटतं कर्जतहून!"

ही सवय मला आठल्ये मास्तरांनी लावली. ते आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहावं असं किती तरी दिवस मनात आहे, पण मला ते नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. मास्तरांचं सगळं चरित्रही मला माहीत नाही. त्यांचं गाव कुठलं, घरात कोण होतं, लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. जे पाहिलं आणि जे बाकडून ऐकलं, तेवढंच लिहितो. बा म्हणजे माझे वडील.

आमचं गाव खोपोलीच्या अलीकडे, खालापूरच्या वाटेवर. मराठी चौथी झाल्यावर बाने मला कर्जतच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळा लहान, इंग्रजी तिसरीपर्यंतच. तिथे मास्तर इंग्रजी शिकवायचे. उंच, पुढे झुकलेले, बिनइस्तरीचा काळा कोट, बगलेत छत्री. हात मात्र अंगाच्या मानाने फार मोठे होते. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कधी सुचत नसे. उभे असले की बगलेत, बसले की मांड्यांखाली.

इतर शाळांतली मुलं शब्द घोकताना शाळेचं छप्पर उडवतात. आमचा वर्ग मुका होता. मास्तर फळ्यावर एक शब्द लिहीत आणि त्याचं घर विचारत. सारख्या आवाजाने संपणारे शब्द एका घरातले, असं ते म्हणत. लाइट, नाइट, फाइट, राइट हे एक घर. बोट, कोट, गोट, थ्रोट हे दुसरं. कुठल्या घरात कोण राहतं, हे आम्ही पाटीवर लिहायचं, तोंडाने नाही. एखादा अर्थ विचारला तर त्यांचा नियम ठरलेला होता.

"आधी हात, मग अर्थ."

म्हणजे आधी हात मांड्यांखाली घ्यायचे, एक श्वास पुरा सोडायचा आणि मग हळू आवाजात अर्थ सांगायचा. कुणी चटकन ओरडून सांगितला तर अर्थ बरोबर असूनही ते पाटीवर शून्य देत. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी आम्ही एक श्वास बसून राहायचो. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून चिडवायची, "उठा रं, कोंबड्यांनो! अंडी झाली का नाय?" मास्तर त्यांच्याकडे बघतही नसत.

एकदा शाळातपासनीस आले. वर्गात शिरताच त्यांनी विचारलं, "गोट म्हणजे काय?" आम्ही सगळ्यांनी एकदम हात खाली घेतले आणि श्वास सोडला. तपासनीसांनी वाट पाहिली. मग मास्तरांना म्हणाले, "मुलं मुकी आहेत का?"

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा गण्या हळूच म्हणाला, "शेळी."

"मोठ्याने सांग!"

गण्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "नाही साहेब. मोठ्याने नाही."

"का?"

"मोठ्याने सांगायची सवय वाईट."

तपासनीस हसले नाहीत. त्यांच्या शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते आम्हाला कळलं नाही, पण पुढे दुसरे मास्तर आले, वरच्या जागेवर गेले, आणि आठल्ये मास्तर होते तिथेच राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मास्तर दोराला हात लावत नसत. कर्जतला ते ज्या घरात राहत त्या घराच्या अंगणात चांगली विहीर होती, रहाट होता. पण मास्तर कळशी घेऊन नदीवर जात. पावसाळ्यात उल्हास नदी लाल होऊन धावायची तेव्हासुद्धा जात आणि ते गढूळ पाणी आणून तुरटी फिरवून निवळत ठेवत. घरमालकीण म्हणायची, "मास्तर, मी शेंदून देते हो!" तर म्हणत, "नको वहिनी, पायाला चाल होते."

वाचनाच्या पुस्तकातलं एक पान त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. त्या पानावर टॉप या शब्दाचं घर होतं. टॉप, शॉप, ड्रॉप, क्रॉप आणि एक शेवटचा शब्द. ते पान आलं की मास्तर दोन पानं एकदम उलटत. गण्याने एकदा विचारलं, "मास्तर, हे राहिलं." मास्तर म्हणाले, "राहू दे. ते घर पडलंय."

आम्ही हसलो होतो. आम्हाला काय कळणार!

कर्जत स्टेशनवर प्रत्येक गाडी बराच वेळ थांबते, घाट चढवायला मागे आणखी इंजिन जोडतात म्हणून. त्यामुळे तिथे हमाल पुष्कळ. एका संध्याकाळी मी मास्तरांबरोबर फाटकाजवळून जात होतो. पोत्यांवर बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने त्यांना पाहिलं आणि हाक घातली, "मास्तर! रेन!"

बाकीचे तिघे-चौघे एका सुरात ओरडले, "पाऊस!" आणि ओरडता ओरडता त्यांनी हवेतच दोर ओढल्यासारखं केलं.

"ट्रेन!"

"गाडी!" पुन्हा दोर ओढला.

"पेन!"

"दुःख!"

आणि मग हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं मला वाटतं. जुनी ओळख असावी. पण मास्तर जागच्या जागी उभे राहिले. छत्री बगलेतून पडली. दोन्ही हात त्यांनी बगलेत गच्च दाबले होते. मी छत्री उचलायला वाकलो तर म्हणाले, "थांब. त्यांचं होऊ दे आधी." ओरडा संपून हमाल पुन्हा बिड्यांना लागले तेव्हा ते हलले.

त्या रात्री मी कर्जतहून गाडीने गावी घरी गेलो होतो. जेवताना बाला हे सांगितलं. बाने घास खाली ठेवला. "कोन व्हता? म्हातारा, येका डोळ्यानं अधू?"

"हो."

"आमच्यातलाच हाय तो, नळाच्या कामावरचा," बा म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. मग बाने मला सांगितलं. आयुष्यात एकदाच सांगितलं.

मी तेव्हा तान्हा होतो. घाटाच्या पायथ्याशी डोंगरावरून पाणी खाली आणायला लोखंडी नळ बसवत होते. नळ असे, की आत माणूस उभा राहील. खालच्या गावांतले कुणबी, डोंगरावरच्या वाड्यांतले ठाकर, सगळे कामाला गेले होते. बासुद्धा गेला. नळ लाकडी ओंडक्यांवर ठेवायचा आणि वरच्या अंगाने दोर लावून माणसांनी ओढायचा. मुकादम हाक द्यायचा, माणसं उत्तर द्यायची आणि उत्तराबरोबर हिसका. एकट्यादुकट्याचं काम नव्हतं ते. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागायला हवा. हाका कसल्या तर आईबहिणीवरून.

आठल्ये मास्तर तिथे ठेकेदाराकडे कारकून होते. तरुण होते, नुकतेच मॅट्रिक झालेले. मजुरांना इंग्रजी यावं, साहेबाचा हुकूम कळावा, मुकादमाचे जोडे खावे लागू नयेत, असं त्यांना फार वाटे. संध्याकाळी ते कंदील लावून वर्ग घेत. पण दिवसभर दोर ओढून आलेली माणसं भिंतीला टेकली की झोपत. मग एक दिवस मास्तरांनी ओढण्याच्या हाका ऐकल्या आणि त्यांना वाटलं, शिव्यांच्या जागी शब्द घालावेत. मुकादमाने इंग्रजी शब्द ओरडायचा, माणसांनी अर्थ ओरडायचा. एका घरातले शब्द एकापाठोपाठ.

"लँड!" "जमीन!" हिसका. "सँड!" "वाळू!" हिसका. "हँड!" "हात!" हिसका.

"लई गोड लागायचं बग," बा म्हणाला. "ताल असा बसायचा का दोर हलका व्हायचा. पंधरवड्यात आमास्नी येवढं इंग्रजी आलं. चांगू तर सगळ्यांच्या फुडं. त्याचा आवाज येगळाच वळखू यायचा."

चांगू हा वरच्या वाडीतला ठाकर. तो घरी जाऊन बायकोलाही शब्द म्हणून दाखवायचा म्हणे.

साहेबालाही मौज वाटली. तो मडमेला घेऊन बघायला आला. मुकादमाला बाजूला करून स्वतःच शब्द ओरडायचा, माणसं अर्थ ओरडायची, नळ वर सरकायचा, मडम टाळ्या वाजवायची. मास्तरांना साहेबाने बसायला खुर्ची दिली. ओढणं थांबवायची खूण मात्र जुनीच होती. मुकादम हात वर करून "बस्स!" म्हणायचा.

त्या दिवशी मुकादम पाणी प्यायला खाली गेला होता. वरून साहेबच शब्द ओरडत होता. नळ अर्ध्या चढणीवर होता. एक ओंडका तिरपा झाला, म्हणून चांगू पहार घेऊन नळ आणि कातळ यांच्या मधे शिरला. दोर धरलेल्यांना तो दिसत नव्हता. साहेबाला दिसला. साहेब ओरडला.

"स्टॉप!"

"थांबणे!" माणसांनी एका सुरात उत्तर दिलं आणि हिसका दिला.

बा म्हणाला, "साह्यबाला काय वाटलं आसंल, आमी त्याची थट्टा करतोय? त्यो पुन्यांदा वरडला. आमी पुन्यांदा थांबणे म्हनलं, पुन्यांदा वडलं. तिसऱ्यांदाबी. तोंडानं थांबणे म्हनत व्हतो आन् हातानं वडत व्हतो. मुद्दाम एकबी नाय वडला रं. हात आईकतच नव्हतं."

मी विचारलं, "चांगू ओरडला नाही का?"

बाने ताट बाजूला सारलं. "वरडला ना. पयल्या हाकेला. खालून त्याचाबी आवाज आला. आमच्या संगं. थांबणे म्हनला."

ठेकेदाराने चौकशीत सांगितलं की मजुराला हुकूम समजला नाही. मास्तर आपणहून पुढे गेले आणि म्हणाले, माझ्यामुळे झालं, मी शिकवलं. ठेकेदार म्हणाला, "मास्तर, तुमचं डोकं फिरलंय, घरी जा. शब्द शिकवल्याने माणूस मरतो होय?" मास्तरांना कुणी दोष दिला नाही, कुणी शिक्षा केली नाही. त्यांनी नोकरी सोडली. पुढे काही वर्षांनी कर्जतला शाळेत लागले.

हे कळल्यावर मी मास्तरांशी नीट बोलू शकत नसे. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी एकदाच विचारलं, "बांनी सांगितलं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मला वाटलं होतं रे, अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला." 

कर्जतची शाळा संपल्यावर मी पुण्याला वसतिगृहात राहून शिकलो. मॅट्रिक झालो तेव्हा मास्तर आमच्या गावी मला भेटायला आले. भाताची लावणी झाली होती आणि उघडीप होती. मला म्हणाले, "कॉलेजात जाण्याआधी माझ्याबरोबर एका ठिकाणी येशील? दर वर्षी एकटाच जातो. या वर्षी दम लागतो, एकट्याला चढण झेपेल असं वाटत नाही."

आम्ही वरच्या वाडीकडे निघालो. वाटेत ते नळ लागतात. डोंगराच्या अंगावरून काळे नळ खाली उतरलेले आणि आत पाण्याचा घों घों आवाज. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून विसावले. तिथेच त्यांनी सांगितलं, की आपण चांगूच्या बायकोला, बुधीला, भेटायला जातो. पहिल्याच वर्षी तिला सांगितलं होतं, माझ्यामुळे तुझा नवरा गेला. तिने ते कानावरच घेतलं नाही. तिचं एकच विचारणं होतं. साहेब कुठला शब्द ओरडला आणि तो शब्द चांगूला येत होता का. "आणि तेच मला सांगवत नाही," मास्तर म्हणाले. "दर वर्षी ती विचारते. दर वर्षी मी उठून येतो, आणि ती 'फुडल्या वर्षी ये' म्हणते."

बुधीचं घर कुडाचं, दारात उखळ. ती नाचणी कांडत होती. केस पिकलेले, पण हात दांडगे. मास्तरांना पाहून कांडणं न थांबवता म्हणाली, "आलास का रं मास्तर? औंदा उशीर केलास. मी म्हनलं मेला का काय."

"अजून नाही."

"ह्यो कोन?"

मास्तरांनी माझ्या बाचं नाव सांगितलं. ती मुसळ उचलत, टाकत म्हणाली, "वळखते. दोरावर व्हता तो." मग माझ्याकडे बघून, "तू शिकतोस?"

"पुण्याला कॉलेजात चाललाय," मास्तर म्हणाले.

"म्हंजी इंग्रजी येतं तुला." मुसळ चालूच होतं. "मंग मास्तराला कशाला इचारू? ह्यो काय सांगत नाय. तूच सांग रं पोरा. साह्यब काय वरडला व्हता? तुज्या बापानं सांगितला आसंल ना तुला त्यो शब्द?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मला तो शब्द माहीत होता हे तिने माझ्या तोंडावरून ओळखलं असणार.

मास्तर अंगणातल्या दगडावर बसले होते. त्यांनी हात मांड्यांखाली घेतले. श्वास सोडला. म्हणाले, "त्याला नको विचारूस. मी सांगतो. स्टॉप."

बुधीचं मुसळ वर गेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"स्टॉप म्हणजे थांबणे," मास्तर म्हणाले. "चांगूला येत होता. चांगला येत होता. त्यानेही अर्थ सांगितला. वरच्यांनी ऐकला त्याचा आवाज."

तिने मुसळ हळूच भिंतीला टेकवलं आणि ती उखळाशेजारी बसली. "येत व्हता?"

"हो."

"साह्यबाच्या मान्सानं सांगितलं व्हतं, तुज्या न्हवऱ्याला हुकूम कळला नाय." ती उखळात बोटं घालून नाचणी चाळवत होती. "मी त्याला शिव्या घातल्या रं. येवढी वर्सं. मेल्या, घरी येऊन रोज शब्द म्हनायचास, मला झोपू द्यायचा नायस, आन् येळेवर एक तुला कळंना? आडान्या, आडान्याच मेलास! पोरांनाबी तेच सांगितलं मी. तुमचा बाप आडानी व्हता."

 डोंगरातून नळांचा आवाज तिथेही येत होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आन् बाकीच्यांना? वर दोर धरून व्हते त्यांना? त्यांना येत व्हता का ह्यो शब्द?"

"सगळ्यांना येत होता."

तिने मान वर केली. रागाने नाही. खरंच समजत नव्हतं म्हणून विचारलं.

"सगळ्यांना येत व्हता. मंग कोनी थांबलं का नाय?"

मास्तरांचे हात मांड्यांखालीच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.  शेवटी तिनेच उठून मडक्यातलं पाणी काढून आम्हाला दिलं. मास्तर प्याले, थोडं पाणी कोटावर सांडलं. ती म्हणाली, "जा आता. पान्याचं ढग आलंय." फुडल्या वर्षी ये, असं या वेळी म्हणाली नाही. आम्ही वाडीच्या बाहेर पडलो तरी मागे कांडण्याचा आवाज सुरू झाला नव्हता.

उतरताना मास्तर पुढे होते. पाय घसरत होता, पण आधाराला त्यांनी हात काढले नाहीत. मी धरायला गेलो तर नको म्हणाले. आमच्या गावाचा फाटा आला तिथे ते थांबले. त्यांना खोपोलीहून गाडीने कर्जतला जायचं होतं.

"बांना सांगू नकोस," ते म्हणाले.

"काय?"

"तिने शेवटी काय विचारलं ते. तो प्रश्न त्यांना विचारलेला नाही. मला विचारलाय." मग म्हणाले, "नीट शीक. मोठ्याने बोलू नकोस." आणि ते शेताच्या बांधावरून निघाले. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना भाताच्या खाचरांत पाणी. तोल सावरायला माणूस हात पसरतो. ते हात बगलेत दाबून चालले होते, दोनदा कलले, पण हात काढले नाहीत. पाऊस आला आणि मग ते दिसेनासे झाले. छत्री त्यांनी उघडली नव्हती.

दिवाळीच्या आधी ते गेले. मी पुण्यात होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा बाने सांगितलं, स्टेशनवरचे हमाल खांदा द्यायला गेले होते, आपणही गेलो होतो, कुणी आवाज केला नाही. मग बाने विचारलं, "तू गेला व्हतास ना त्यांच्या संगं वर? बुधी काय म्हनली?"

बाचे तळहात चुलीच्या उजेडात दिसत होते. दोराचे घट्टे अजून गेलेले नाहीत.

मी म्हणालो, "पाणी दिलं. नाचणी कांडत होती."

एवढंच सांगितलं. हे कुठे छापून आलं तरी हरकत नाही. बाला वाचता येत नाही.